वासुदेव बाइंडर आणि चौऱ्याऐंशी सुटी पानं

माझा धाकटा दीर वासुदेव पुस्तकं बांधतो. वय अडुसष्ट. बसवनगुडीतल्या आमच्या घराची रस्त्याकडची खोली हेच त्याचं दुकान. पुस्तकं दाबायचा एक शिकंजा, पुठ्ठ्यांची चळत, खळीचं पातेलं आणि भिंतीला पाठ लावून बसलेला तो. पाटी लावलेली नाही. ज्यांना ठाऊक आहे ते दारात उभे राहून "बाइंडर अण्णा आहेत का?" असं विचारतात, आणि आहे हे दिसत असूनही तो आतून "कोण?" म्हणतो.

आमचे लोक मूळचे रंगारी. सातआठ पिढ्यांपूर्वी इकडे कन्नड मुलखात आले ते कापडावर ठसे उठवतच राहिले. माझ्या सासऱ्यांनी वासुदेवला लहानपणी तेच शिकवलं. ठशाच्या कोपऱ्यात एक बारीक खूण असते. ती आधीच्या ठशाच्या खुणेवर अचूक बसली की वेल न तुटता पुढे जाते. पोराची नजर चांगली होती, पण धंदाच बसला. मग त्याला ओळखीच्या एका छापखान्यात बांधणीला ठेवलं. शाळा चौथीपर्यंत झालेली. माझी दुसरीतच सुटली, त्यामुळे घरात विद्वान म्हणजे तोच.

त्याची एक रीत आहे. पुस्तकात काय आहे ते मालकाने सांगितल्याशिवाय तो सुई हातात घेत नाही. वकील वैतागतात. कॉलेजची मुलं ओशाळतात, कारण त्यांनाच माहीत नसतं. एक बाई वडिलांच्या जुन्या डायऱ्या घेऊन आल्या होत्या, त्या सांगता सांगता दोन तास बसल्या आणि जाताना बऱ्याच हलक्या होऊन गेल्या. मी एकदा म्हटलं, तुला टाके घालायचेत की परीक्षा घ्यायची आहे? तर म्हणाला, "ओळख नसलेल्याच्या अंगाला सुई लावू का, वहिनी?" मालक बोलत असला की याचा हातही छान चालतो. गेल्या वर्षापासून उजवा हात थरथरायला लागलाय, तोही कुणी बोलत असलं की कमी थरथरतो. मुलगा रविकिरण जे. पी. नगरला असतो. तो म्हणतो, अप्पा, आता पुरे. अप्पाला ऐकू येतं, पण ते तो ऐकत नाही.

गेल्या जानेवारीत, अवरेकाईच्या म्हणजे पावट्याच्या शेंगांच्या दिवसांत, इनायतुल्ला साहेब आले. इथल्याच शिवाजीनगरच्या एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, वयाने ऐंशीच्या पुढचे. उर्दू पुस्तकं बांधायला पूर्वी येत. या खेपेला मात्र बायकोच्या जुन्या ओढणीत गुंडाळलेलं एक बाड छातीशी धरून आले. त्यांच्या पणजोबांनी हाताने उतरवलेली अरबी पोथी. शिवण कधीच गेलेली, पानं सुटी, मधून मधून किड्यांनी खाल्लेली. साहेबांना काचबिंदू. एक डोळा गेला आहे, दुसऱ्याने किल्लीच्या भोकातून बघावं इतकंच दिसतं.

कुठल्याशा ग्रंथालयाचे लोक शनिवारी दुपारी त्यांच्या घरी येऊन प्रत्येक पानाचा फोटो काढणार होते. पोथी उलगडण्याजोगी हवी, असं त्यांनी सांगितलं होतं. साहेब म्हणाले, घरात मी शेवटचा वाचणारा. मुलं अमेरिकेत, त्यांना लिपी येत नाही. फोटोत जे राहील तेच राहील.

वासुदेवने ओढणीची गाठ सोडली आणि विचारलं, "आत काय आहे?"

सांगायला साहेबांना तीन दुपारी लागल्या. ते कन्नडात बोलत, अडलं की दखनी उर्दूत जात. मी शेजारी अवरेकाई सोलत बसलेली. मला समजलं ते असं. हजारेक वर्षांपूर्वी त्या मुलखातल्या मोठमोठ्या पंडितांचा एक वाद चालला होता. कापूस विस्तवाला लागला की जळतो. पण विस्तव जाळतो, हे कोणी पाहिलंय? आपण पाहतो एवढंच, की विस्तव आला आणि कापूस जळाला. एकामागून एक आलं म्हणून एकातून एक आलं, असं का म्हणायचं? जाळणारा देव. विस्तव नुसता त्या वेळी तिथे हजर असतो. असं एका बाजूचे म्हणत. दुसऱ्या बाजूचे म्हणत, असं मानलं तर जगात कशाचाच भरवसा उरणार नाही. पोथी अशीच चालते. 'कोणी म्हणेल की' म्हणून एक शंका, मग 'आम्ही म्हणतो' म्हणून तिचं उत्तर, मग पुन्हा 'कोणी म्हणेल की'.

मी म्हटलं, साहेब, हे पंडित स्वयंपाकघरात कधी गेले नसावेत. साहेब हसले. म्हणाले, गेले असते तर पोथी अर्धीच झाली असती.

वासुदेवला वादापेक्षा एक वेगळीच गोष्ट आवडली. पोथीला पानांचे आकडे नव्हते. त्याऐवजी प्रत्येक पानाच्या पाठी, तळाला, एक सुटा शब्द तिरका लिहिलेला. पुढचं पान त्याच शब्दाने सुरू होणार. ही जुन्या लेखनिकांची पद्धत, असं साहेबांनी सांगितलं. वासुदेवने पान डोळ्याजवळ नेलं आणि म्हणाला, "ही तर ठशाच्या कोपऱ्यातली खूण."

बुधवारपर्यंत त्याने किड्यांच्या एकेका भोकावर पातळ कागदाची ठिगळं लावली. गुरुवारी सकाळी चौऱ्याऐंशी पानं वाळायला ठेवली. मधल्या खोलीत जुनी धोतरं अंथरून, क्रमाने, पानाशेजारी पान. आकडे घातले नाहीत, दुसऱ्याच्या पोथीला पेन्सिल लावायची नाही म्हणून. फोटोही काढला नाही, कारण क्रम समोरच होता, जमिनीवर.

सकाळपासून करंट नव्हता. आला का बघू म्हणून मी त्या खोलीतल्या पंख्याचं बटण दाबलं. नाही आला. बटण तसंच राहिलं आणि मी आत फोडणीला गेले.

अकराच्या सुमाराला करंट आला.

मी बाहेर येईपर्यंत वासुदेव दारात उभा होता. पंखा गरगर फिरत होता. पानं भिंतीला, कपाटाखाली, देवघराच्या उंबऱ्यावर, एक तर खिडकीच्या गजाला चिकटून फडफडत होतं. त्याने हात लांबवून बटण बंद केलं. शेवटचं पान पंख्याच्या पात्यावरून सावकाश खाली आलं, तेवढाच आवाज.

तो मला एका शब्दानेही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. खाली बसून एकेक पान उचलायला लागला. मोजली, चौऱ्याऐंशी भरली. फाटलं एकही नव्हतं. मग म्हणाला, "खुणा आहेत ना. लावू."

माझी नात संपदा वरच्या मजल्यावर बसून कंपनीचं काम करते. तिला खाली बोलावलं. तिने मोबाइलने दोन पानांचे फोटो काढले आणि त्यालाच वाचायला लावलं. मोबाइल म्हणाला, हे बहुधा वेलबुट्टीचं चित्र आहे. वासुदेव म्हणाला, चुकला नाही तो, मलाही तसंच दिसतंय.

तर मग वेलबुट्टी म्हणूनच लावायची ठरली. अक्षर एकालाही वाचता येत नाही. तळाच्या शब्दाचा आकार बघायचा, एक आकडी, वर दोन ठिपके, खाली शेपूट, आणि तोच आकार कुठल्या पानाच्या सुरुवातीला आहे ते शोधायचं. वासुदेव तळ दाखवी, मी आणि संपदा माथे धुंडाळत फिरायचो. गुरुवारचा दिवस त्यात गेला. शुक्रवारी दुपारी शेवटचं पान जागेवर बसलं. साहेबांना कळवायचंच नाही असं माझ्या मनात पक्कं होत चाललं होतं. झालं ते निस्तरलं, आता कशाला म्हाताऱ्याच्या जिवाला घोर?

तीन वाजता वासुदेवने खळ शिजवायला घेतली. मोरचूद घालून गव्हाच्या पिठाची खळ, किडा लागू नये म्हणून. पानं सुटी होती, ती अशीच शिवता येत नाहीत. दोन-दोन पानांची कड कागदाच्या बोटभर पट्टीने जोडायची, मग घडीवर टाका. पट्टीला खळ लागली की तासाभरात धरते. पुरती वाळली की सोडवायला सबंध पान भिजवावं लागतं. आणि त्या पोथीची शाई काजळीची, पाण्याचा थेंब लागला की पसरणारी. हे त्यानेच मला काम करता करता सांगितलं, म्हणून पुढचं समजलं.

पाचच्या सुमाराला तो थांबला. पट्टी हातात, पण लावेना.

"हा ठसा मी मघाशी लावला," तो म्हणाला.

मी म्हटलं, कुठला? त्याने समोरचं पान दाखवलं. मग अर्ध्या तासापूर्वी जोडलेली जोडी काढली, मग तिच्या आधीची. सगळ्यांचा पहिला शब्द एकच. संपदाने उरलेल्या पानांत शोधलं, तिथे आणखी एक सापडलं. चार पानं एकाच शब्दाने सुरू होणारी. आणि त्यांच्या आधीच्या चार पानांच्या तळाला तोच शब्द.

वासुदेव हळूच म्हणाला, "कोणी म्हणेल की."

वेल जुळली होती. चारही ठिकाणी जुळली होती, आणि कशीही लावली तरी जुळलीच असती. कुठली शंका कुठल्या जागी, हे त्या खुणेला सांगता येत नव्हतं. एकामागून एक बसलं म्हणजे एकातून एक आलं असं नव्हे. साहेबांनी तीन दुपारी तेच तर सांगितलं होतं, आणि आम्ही शेंगा सोलत माना हलवल्या होत्या.

तेव्हा मी जे बोलले ते लिहायला लाज वाटते, पण बोलले. म्हटलं, "साहेबांना आता दिसत नाही. ते लोक उद्या फोटो काढून जातील. कुणाला कळणार आहे, वासुदेव?"

त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "उद्या ते फोटो काढतील," तो म्हणाला. "मग शंभर वर्षांनी कोणी वाचेल. म्हणेल, याला विचारलं एक, हा उत्तर देतोय दुसरंच, हा माणूस वेडा होता. तो वेडा नव्हता, वहिनी. पंखा आपल्या घरचा होता."

आणि फोन उचलून साहेबांना म्हणाला, "साहेब, एक चूक झाली आहे. येता का?"

पलीकडून एवढंच आलं, "आलो." संपदाने त्यांच्या दारात रिक्षा मागवली. शुक्रवारची संध्याकाळ, शिवाजीनगर ते बसवनगुडी. मोबाइलवर रिक्षाची ती चिमुकली खूण एकेका सिग्नलला मुंगी मरून पडावी तशी पडून राहायची.

तोवर त्या दोन जोड्यांची खळ वाळू द्यायची नव्हती. वासुदेवचा हात इतका कापत होता की त्याने ब्रश माझ्या हातात दिला. पट्टी बोटभर रुंद, आणि तिच्या कडेपासून गव्हाच्या दाण्याइतक्या अंतरावर काळी अक्षरं. पट्टीवर ओल द्यायची, अक्षराकडे थेंब सरकू द्यायचा नाही. पाच पाच मिनिटांनी. एकदा थेंब जरा मोठा पडला आणि अक्षराच्या दिशेने निघाला. संपदाने पदराने, म्हणजे माझ्या पदराने, तो टिपला.

साहेब आले तेव्हा सहा वाजून गेले होते. वासुदेवने त्यांना हाताला धरून आत आणलं, खुर्ची दिली, आणि पाणी द्यायच्या आधी सगळं सांगितलं. पंखा, पानं, खुणा, चार जागा. माझं नाव घेतलं नाही. 'पंखा लागला' असं म्हणाला, जसा काही तो आपण होऊन लागला. मीच पुढे होऊन म्हटलं, साहेब, बटण माझं.

ओढणी साहेबांच्या मांडीवर होती, तिची कड ते बोटांनी चाचपत राहिले. मला वाटलं, आता उठतील आणि बाड गुंडाळून घेऊन जातील, आणि वासुदेव पुन्हा कधी सुई हातात धरणार नाही.

"चार शंकांचा क्रम मला पाठ आहे," शेवटी ते म्हणाले. "पण कुठलं पान कुठलं, हे मला दिसत नाही. द्या इकडे."

ती चार पानं, दोन ओल्या जोड्यांसकट, पाटावर ठेवून त्यांच्यापुढे धरली. साहेबांनी भिंग लावलं, संपदाने मोबाइलचा उजेड धरला. एक ओळ शोधता शोधता त्यांच्या डोळ्यातून पाणी वाहायला लागलं. अक्षर बारीक, नजरेचं ते किल्लीचं भोक त्याहून बारीक. भिंग खाली ठेवून ते नुसते पानावरून बोटं फिरवू लागले, आंधळी माणसं फिरवतात तशी. फिरता फिरता बोट एका जागी थांबलं.

"हे काय आहे?"

"ठिगळ," वासुदेव म्हणाला. "किड्याचं भोक होतं. बुधवारी बुजवलं."

"आणि या पानावर?"

"तिथेही."

साहेबांचं बोट एका ठिगळावरून दुसऱ्यावर गेलं, मग तिसऱ्यावर. "वासुअण्णा," ते म्हणाले, "किडा एका बाजूने शिरला असेल ना?"

वासुदेव उभा होता तो खाली बसला. दोन दिवस तो पणजोबांच्या अक्षराकडे बघत होता. आपल्या हाताने लावलेल्या ठिगळांकडे त्याने एकदाही बघितलं नव्हतं. किडा पुठ्ठ्याजवळ शिरला, तिथलं भोक मोठं, आणि पान ओलांडत तिरका आत गेला तसतसं ते लहान होत गेलेलं. पानं उजेडापुढे धरली. मला मापं माझ्याच भाषेत कळतात. एक ठिगळ हरभऱ्याएवढं, एक तुरीएवढं, एक ज्वारीच्या दाण्याएवढं, एक मोहरीएवढं. आम्ही तूर आधी लावली होती, हरभरा नंतर. ज्वारी आणि मोहरी नशिबाने जागेवर.

तिघं माणसं दोन दिवस धडपडत होती. सबंध पोथी सुरुवातीपासून सरळ वाचत गेलेला एकटा तो किडाच निघाला.

तरी साहेबांनी भिंग पुन्हा उचललं. खात्री हवी. हरभऱ्याच्या पानाची पहिली ओळ त्यांनी अक्षर अक्षर करत वाचली, वाचायला दहा मिनिटं लागली असतील. मी ब्रश घेऊन पट्ट्या ओल्या करत होते. मग ते म्हणाले, "हौ. कोणी म्हणेल की, कापूस जळतो हे आम्ही डोळ्यांनी पाहतो. ही पहिली शंका. हेच आधी."

आता दोन जोड्या सोडवायच्या होत्या. पहिली सहज सुटली. दुसरी जुनी, जवळजवळ धरलेली. वासुदेवने पातळ बोथट सुरी कडेखाली सरकवली आणि हात कापायला लागला. सुरी बाहेर काढली, हात मांडीवर पुसला, पुन्हा घातली. पुन्हा थरथर. पानाची कड बारीक कुरकुरली.

"साहेब," तो म्हणाला, मान वर न करता, "बोलत राहा."

साहेबांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. ते खुर्चीत सावरून बसले आणि वर्गात सांगावं तसं सांगू लागले. दुसरी शंका अशी, की विस्तव जाळतो हे मानलं नाही, तर मग काहीही होऊ शकेल. वासुअण्णा उद्या सकाळी दुकान उघडेल आणि शिकंज्याच्या जागी म्हैस उभी असेल. वासुदेव हुं म्हणाला. सुरी गव्हाच्या दाण्याएवढी आत गेली. उत्तर असं, की देव काहीही करू शकतो, पण त्याची एक रीत आहे, आणि ती रीत तो सहसा मोडत नाही. ती रीत ओळखायची अक्कलही त्यानेच दिली आहे, म्हणून म्हैस निघणार नाही हे तुला ठाऊक आहे. वासुदेवने विचारलं, पण ठाऊक असणं आणि खात्री असणं एकच का? साहेब म्हणाले, हीच तिसरी शंका, तू पोथी न वाचता तिच्यापुढे चालला आहेस. हात स्थिर होता. मी बघत होते, अगदी स्थिर. सुरी दुसऱ्या टोकाला बाहेर आली आणि पान सुटं झालं.

समासाचा नखाएवढा एक तुकडा मात्र पट्टीलाच राहिला. त्यावर पणजोबांच्या शेऱ्याची दोन वळणं होती. वासुदेवने तो चिमट्याने सोडवून साहेबांच्या तळव्यावर ठेवला. साहेबांनी तो डोळ्यापाशी नेला. म्हणाले, समासात ते घरच्या भानगडीही लिहून ठेवायचे, हे कदाचित त्यांच्या सासऱ्यांबद्दल असेल. मग तो तुकडाही त्यांनी जागेवर बसवून घेतला.

जाताना ते मला म्हणाले, "भाभी, पंखा फिरला, नंतर पानं उडाली. पहिल्या बाजूच्या पंडितांना विचाराल तर ते सांगतील, एकामागून एक झालं. तुमच्यामुळे झालं, असं ते म्हणणार नाहीत."

मला डोळे पुसायला पदर शोधावा लागला, तो अजून ओला होता. पण वासुदेव कसला गप्प बसतोय? म्हणाला, "तसं असेल साहेब, तर पोथी मी बांधली असंही कुणाला म्हणता येणार नाही."

"म्हणूनच मी दुसऱ्या बाजूचा," साहेब म्हणाले आणि काठी टेकत रिक्षात चढले.

उरलेल्या पट्ट्या रात्रीतच लावून झाल्या. शनिवारी पहाटे सहाला वासुदेव टाके घालायला बसला, आणि दुपारी एकला पोथी ओढणीत गुंडाळून स्वतः शिवाजीनगरला पोचवून आला. फोटो काढणारी मुलगी म्हणे पानं उलगडत होती आणि साहेब शेजारी बसून चार जागी तिला थांबवत होते, बोटाने ठिगळ चाचपायचे आणि मग पुढे जा म्हणायचे.

दुकान अजून उघडं आहे. रविकिरणने विषय काढणं सोडलंय. फक्त एक बदल झालाय. वासुदेवने पानं सुटी करायला घेतली की तो आधी उठून मीटरपाशी जातो आणि घराचा मेन बंद करतो. मग मला सांगतो, तुमच्यावर विश्वास आहे, वहिनी, करंटवर नाही. तोवर माझा मिक्सर बंद, चटणी वाटायची राहिलेली. मी बाहेर येऊन पाटावर बसते. आलेला माणूस गोंधळून इकडेतिकडे बघत असतो आणि हा त्याला विचारतो, आत काय आहे?